ट्रंक उघडताना

निवृत्त जवानाच्या घरात बहुधा एक काळी पत्र्याची ट्रंक असते. झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा, नाव, पलटण. रंगाचे पोपडे उडालेले, एखादा कोपरा फलाटावर आपटून पोचलेला, कडी वाकलेली. पेन्शनवर आल्यानंतरची काही वर्षं ती खाटेखाली राहते, मग माळ्यावर जाते. माणूस गेला की काही दिवसांनी कोणीतरी ती खाली काढतं, पदकं आणि टोपी बाजूला ठेवतं आणि उरलेले कागद जुने म्हणून रद्दीत घालतं.

त्या रद्दीत त्याची गोष्ट जाते आणि मागे राहिलेल्यांचा हक्कही जातो. आपण ही दोन वेगवेगळी कामं धरून चालतो. माजी सैनिकाच्या आठवणी नोंदवणं हे इतिहासाची आवड असणाऱ्यांचं काम आणि त्याची पेन्शन, औषधपाणी, कुटुंबाची कागदपत्रं बघणं हे कार्यालयाचं काम. ट्रंक उघडली की दोन्ही एकाच पुडक्यात, एकाच सुतळीने बांधलेली निघतात. मला ठामपणे असं वाटतं की जो त्याची गोष्ट ऐकायला बसतो त्याने कागदही वाचायला शिकलं पाहिजे, आणि जो कागद नीट करायला जातो त्याने गोष्ट ऐकायला थांबलं पाहिजे. एकाशिवाय दुसरं काम अर्धंच होतं.

वेळ किती उरला आहे, याचा हिशेब साधा आहे. १९६५ साली वीस वर्षांचा असलेला जवान आज ऐंशी ओलांडून गेला आहे. १९७१ चा पंचाहत्तरीच्या आसपास आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हिंदी सैन्यातली माणसं सुमारे २५ लाख होती, त्यांच्यातले हयात असलेले आता हातावर मोजावे लागतील. त्या सैन्यातल्या नाईक यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, कारण दोघांना इटलीतल्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या पराक्रमासाठी मरणोत्तर, जाधव यांना ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीकाठी केलेल्या पराक्रमासाठी. पदकाबरोबर मानपत्र येतं, त्यात तारीख, जागा, कृती सगळं लिहिलेलं असतं. पण त्याच डोंगरात खेचरांवरून दारूगोळा चढवणारा, रात्रभर तार जोडत फिरणारा सिग्नलवाला, लंगरमध्ये पहाटे तीनला चूल पेटवणारा, जखमींना पट्ट्या बांधणारा नर्सिंग असिस्टंट, यांचं मानपत्र कोणी लिहीत नाही. यांची गोष्ट फक्त यांच्याकडेच असते. "मी काय लढलो नाही हो, मी तर ड्रायव्हर होतो," असं सांगून ही माणसं बाजूला सरतात. त्यांना सरू देऊ नये. रसद कशी पोचली हे सांगणारा माणूस मिळाला की लढाईचं निम्मं चित्र उलगडतं.

सरकारदरबारी सगळी नोंद असेलच, हा भरवसाही पुरता खरा नाही. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या सेवा-नोंदींपैकी सुमारे ६० टक्के १९४० च्या सप्टेंबरमध्ये लंडनवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या. अमेरिकेत सेंट लुइस इथल्या अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ ला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली नष्ट झाल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या. त्यानंतर कितीतरी माजी सैनिकांना आपण सैन्यात होतो हे घरातल्या कागदांवरून, जुन्या पत्रांवरून, सोबत्यांच्या जबाबांवरून सिद्ध करावं लागलं. ट्रंक रिकामी करायची घाई का करू नये, याचं एवढं कारण पुरेसं आहे.

आवाज जपण्याची कल्पना नवी नाही. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने १९७२ मध्ये ध्वनिसंग्रह सुरू केला. अमेरिकेत २००० साली कायदा करून लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे माजी सैनिकांच्या मुलाखती जमवण्याचं काम सोपवलं गेलं. तिथे कोणीही सामान्य माणूस मुलाखत घेऊन पाठवू शकतो, अट एवढीच की ती किमान ३० मिनिटांची हवी. पण मला याही आधीचं एक ध्वनिमुद्रण फार महत्त्वाचं वाटतं. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी पकडलेले हिंदी सैनिक बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडॉर्फच्या छावणीत होते. भाषांचे नमुने गोळा करायला जर्मन अभ्यासकांनी त्यांना कर्ण्यासमोर उभं केलं. ११ डिसेंबर १९१६ ला मल्ल सिंग नावाचा शिपाई मिनिटभर बोलला आणि स्वतःबद्दल "मी" असं एकदाही म्हणाला नाही. एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खायचा, तो युरोपच्या लढाईत आला, जर्मनीने त्याला पकडलं, त्याला परत जायचंय, अशा अर्थाचं तो बोलला. अभ्यासकांना त्याची बोली हवी होती. तो माणूस त्या बोलीतून घरी सोडा म्हणत होता.

फौजी माणसं आजही बरीचशी अशीच बोलतात. "आम्ही चढलो", "पलटणीने घेतलं", "आपल्या पोरांनी केलं". पलटणीने त्यांना तेच शिकवलेलं असतं आणि त्यात नम्रता असते, तशी थोडी आडोशाला राहण्याची सोयही असते. "तुम्ही स्वतः काय केलंत?" असं विचारलं तर माणूस अवघडतो. "रांगेत तुम्ही कितवे होता? पुढे कोण होतं, मागे कोण?" असं विचारलं की तो डोळे मिटून रांग बघतो आणि नावं सांगायला लागतो. ती नावं लगेच लिहून घ्यावीत. उद्या एखाद्या दाव्यात साक्षीदार लागला तर तो याच रांगेतून मिळतो.

पहिल्या भेटीला रेकॉर्डर नेऊच नये. एक वही, एक मऊ पेन्सिल, आणि तास-दीड तास वेळ. ट्रंक त्यांना स्वतःच्या हाताने उघडू द्यावी आणि जे वर येईल त्याच्याबद्दल बोलू द्यावं. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, मिळालं की ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावं. भरतीची तारीख, ट्रेड, कुठकुठले कोर्स केले, कोणती पदकं, सैन्यातून बाहेर पडण्याचं कारण, वैद्यकीय श्रेणी, बायकोचं आणि मुलांची नावं. शेप-वन म्हणजे पूर्ण तंदुरुस्त म्हणून बाहेर पडलेला आणि खालच्या वैद्यकीय श्रेणीत बाहेर पडलेला यांच्या गोष्टी वेगळ्या असतात, दुसऱ्याच्या बाबतीत "ही श्रेणी कधी लागली, कशामुळे?" एवढा एक प्रश्न कधी कधी सगळ्या मुलाखतीचा दरवाजा उघडतो.

पदकं हा तर छापील अनुक्रम आहे. समर सेवा स्टार किंवा रक्षा पदक असेल तर १९६५. पूर्वी स्टार म्हणजे १९७१ ची पूर्वेकडची आघाडी, पश्चिमी स्टार म्हणजे त्याच वर्षीची पश्चिमेची, संग्राम पदक तेव्हाच्या सेवेचं. विदेश सेवा पदक दिसलं तर देशाबाहेरची कामगिरी, मग श्रीलंका की संयुक्त राष्ट्रांची मोहीम हे विचारायचं. पदक हातात घेऊन उजेडात तिरकं धरलं की कडेवर बारीक अक्षरांत कोरलेला नंबर, हुद्दा, नाव दिसतं. ही कड म्हणजेच पदकाची ओळख. ती ब्रासो लावून चोळली की दर वेळी थोडी थोडी झिजते, आणि एक दिवस पदक चकचकीत होतं आणि नाव नाहीसं होतं. कोरड्या मऊ कापडाने पुसावं, बस. सगळी पदकं एका डब्यात एकमेकांवर टाकूनही ठेवू नयेत, कडा घासतात.

पत्रांचं दुखणं वेगळं. फौजेतल्या पत्रावर गाव नसतं. "मार्फत ५६ एपीओ" किंवा "९९ एपीओ", म्हणजे फौजेच्या पोस्टाचा क्रमांक, एवढंच, कारण ठिकाण कळू द्यायचं नसतं. घरच्यांनी वर्षानुवर्षं त्याच पत्त्यावर पत्रं पाठवली, माणूस लेहला असो की फिरोजपूरला. मात्र गोल शिक्क्यात तारीख असते आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असतो. शिक्का स्पष्ट असेल तर तो त्यांना दाखवून "हे पत्र लिहिलं तेव्हा कुठे होतात?" असं विचारावं आणि उत्तर एका वेगळ्या कागदावर लिहून पत्रासोबत ठेवावं. पत्रावर काही लिहू नये. आणि कागद जपायचा म्हणून लॅमिनेशन करण्याचा मोह घरोघरी होतो, तो आवरावा. उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही, शिवाय शिक्का, शाई, कागदाची वीण यांपैकी काहीच नंतर तपासता येत नाही. सेलोटेपही तसाच घातक, त्याचा डिंक पिवळा पडून अक्षरांत उतरतो.

फोटो जुन्या चिकट अल्बममध्ये असतील तर ओढून काढू नयेत. आधी आहेत तसे पानासकट टिपून घ्यावेत, मग दातांतून फिरवायचा दोरा फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा सरकवावा. बहुतेक फोटो सुटतात. जो सुटत नाही तो तिथेच राहू द्यावा. स्कॅन ६०० डीपीआयला, पासपोर्टएवढा लहान फोटो असेल तर १२००. पलटणीच्या गटफोटोत चाळीस-पन्नास चेहरे असतात. त्याची मोठी प्रत काढून वर ट्रेसिंग पेपर ठेवावा आणि ते बोट ठेवतील त्या चेहऱ्यावर आकडा घालत जावं. जे चेहरे आठवत नाहीत त्यांनाही आकडे द्यावेत. पुढच्या भेटीत त्यातली दोन-तीन नावं आठवलेली असतात.

आता ध्वनिमुद्रण. इथे बिघडतं ते महागड्या यंत्रावाचून नाही, खोलीमुळे. छताचा पंखा कानाला सवयीने ऐकू येत नाही, पण माइकला सतत ऐकू येतो. फ्रिज मधूनच घरघरतो, फरशीच्या मोकळ्या खोलीत आवाज घुमतो. सगळ्यात लहान, सामानाने भरलेली, पडदे-गाद्या असलेली खोली निवडावी. पंखा बंद करायचा असेल तर सकाळची वेळ घ्यावी, त्या वयात सकाळी तरतरीही जास्त असते. कॉलरला लावायचा माइक हनुवटीच्या एक वीत खाली, शालीखाली दबणार नाही असा. फोनवर मुद्रण करत असाल तर फोन विमान मोडवर, चार्जिंग पूर्ण, जागा मोकळी. शक्य असेल तर वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. दोन चॅनेलवर तासाला साधारण एक जीबी लागतो, एका चॅनेलवर त्याच्या निम्मा. पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिली की बोलता बोलता एकदम आवाज चढला तरी फाटत नाही. आणि आवाज चढतोच. ड्रिलचं कॉशन, म्हणजे कवायतीचा हुकूम, कसा द्यायचे ते दाखवायला सांगितलं की ऐंशी वर्षांचा माणूस खिडक्यांची तावदानं हादरवतो.

सुरुवातीला दोन मिनिटं चाचणी घेऊन ती हेडफोनवर ऐकावीच. दीड तासाची मुलाखत झाल्यावर माइकची पिन अर्धीच बसली होती हे कळणं, हा या कामातला सर्वांत जास्त घडणारा आणि भरून न येणारा अपघात आहे. तीच गोष्ट माणूस दुसऱ्यांदा तशी सांगत नाही. मग तारीख, ठिकाण, कोण बोलतंय आणि कोण विचारतंय हे मोठ्याने सांगावं. त्यानंतर पहिला प्रश्न एकच: "तुमचा नंबर?" बायकोचा वाढदिवस विसरलेला माणूसही आपला आर्मी नंबर एका दमात म्हणतो, पाठ नकळत ताठ होते, आणि खोलीतली अवघडलेली हवा निवळते.

कानाचा विचार आधी करावा. तोफखान्यात, रणगाड्यांवर, फायरिंग रेंजवर वर्षं काढलेल्यांचे उंच स्वर आधी जातात, त्यामुळे शब्दांतली व्यंजनं निसटतात. ओरडून उपयोग नसतो. कोणत्या कानाने बरं ऐकू येतं ते विचारून त्या बाजूला बसावं, तोंड दिसेल असं, खालच्या पट्टीत सावकाश बोलावं. "हो हो" असं उत्तर वारंवार येत असेल तर प्रश्न पोचलेला नाही असं समजावं. आणि इथेच कागदाकडे वळायचं असतं. कान कधीपासून असा आहे? कोणत्या स्फोटानंतर, कोणत्या रेंजवर? तेव्हा कोणत्या मिलिटरी हॉस्पिटलात दाखवलं होतं? माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्ययोजना आहे, तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये कान तपासून घेता येतो. सेवेमुळे आलेल्या किंवा सेवेमुळे वाढलेल्या अपंगत्वाचा दावा करायचा असेल तर मुलाखत हा पुरावा होत नाही. मात्र तिच्यातून महिना, ठिकाण, हॉस्पिटल आणि शेजारी कोण होतं हे कळतं, आणि त्याच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या अभिलेख कार्यालयाकडे नेमका कोणता कागद मागायचा ते ठरतं. "माझ्या सगळ्या नोंदी द्या" या अर्जाला मोघम उत्तर येतं. अमुक वर्षी अमुक महिन्यात अमुक इस्पितळात दाखल असल्याची नोंद मागितली तर शोधणाऱ्याला शोधता येतं.

प्रश्न भरतीपासून सुरू करावेत, लढाईपासून नव्हे. माणसाला दहा ते तीस या वयातलं सर्वांत जास्त आठवतं, आणि फौजेतली ऐन वर्षं नेमकी त्यातच येतात. घरून किती वाजता निघालात, सोबत कोण होतं, छाती मोजली तेव्हा काय झालं, केस कापल्यावर एकमेकांना ओळखलंत का, उस्ताद कुठला होता, पहिली शिक्षा कशाबद्दल. हे सांगता सांगता भाषा बदलते. घरातली मराठी मागे पडते आणि पिट्टू, फॉलइन, गस्त, संत्री, बडा खाना असे शब्द येऊ लागतात, मधेच पूर्ण वाक्यं हिंदीत. ते शब्द तसेच राहू द्यावेत. लिहून काढताना शुद्ध मराठी करू नये. त्यांचं फौजीपण या मिसळलेल्या भाषेतच आहे.

"लढाईत काय वाटलं?" हा प्रश्न वायाच जातो. उत्तर ठरलेलं: "काय वाटणार, ड्यूटी होती." त्याऐवजी त्या रात्री बूट काढले होते का, पाणी कुठून आणायचे, बंकरच्या तोंडातून काय दिसायचं, वास कशाचा यायचा, असं विचारावं. डोळ्यांनी पाहिलेलं आणि हातांनी केलेलं विचारलं की मनातलं मागून आपोआप येतं. "किती जण मारलेत?" हे कधीही, कोणीही, नातवानेही विचारू नये. आणि तारखा चुकल्या तर मध्येच दुरुस्त करू नये. १९६५ चं आणि १९७१ चं एकमेकांत मिसळतं, नंतर पाहिलेल्या सिनेमातलं एखादं दृश्यही स्वतःच्या आठवणीत येऊन बसतं. त्याने माणूस खोटा ठरत नाही. वहीत खूण करावी, नंतर डिस्चार्ज बुकाशी ताडून टीप लिहावी, मूळ आवाज तसाच ठेवावा.

काही गोष्टी विचारायच्याच नसतात. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा निवृत्तांनाही लागू आहे. सध्याच्या ठाण्यांची रचना, उपकरणांचे तपशील, खबऱ्यांची ओळख, फौजेत असलेल्या मुलाची नेमणूक, यातलं काही मुद्रणात नको. बोलण्याच्या ओघात आलंच तर तो भाग कोणाला ऐकवण्याआधी बाजूला काढावा. जुन्या मोहिमांबद्दल वातावरण पूर्वीपेक्षा मोकळं आहे. २०२१ च्या जूनमध्ये संरक्षण मंत्रालयाने मंजूर केलेल्या धोरणानुसार अभिलेख साधारणपणे २५ वर्षांत खुले करायचे आहेत आणि युद्धाचा इतिहास पाच वर्षांत लिहून पुरा करायचा आहे. तरीही शंका आली तर त्यांनाच विचारावं. फौजी माणसाला ही रेघ आपल्यापेक्षा चांगली कळते.

मग तो क्षण येतो. बोलता बोलता माणूस थांबतो, नजर भिंतीवर लागते, हात गुडघ्यावर घासू लागतो. श्वास वर येतो. इथे आपलं काम गप्प बसण्याचं आहे. पाणी पुढे करणं, पाठीवर हात ठेवणं, "जाऊ द्या, राहू द्या" असं म्हणणं, या सगळ्यातून आपलीच अस्वस्थता झाकली जाते. अर्धं मिनिट शांत राहावं, मग हळू विचारावं, "थांबूया, की सांगायचंय?" ठरवू त्यांनाच द्यावं. थांबायचं म्हणाले तर खरोखर मुद्रण बंद करावं, लाल दिवा विझलेला त्यांना दाखवावा. पहिल्या महायुद्धात या दुखण्याला "शेल शॉक" म्हटलं गेलं, चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये त्यावर लिहिलं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत आघातानंतरचा ताणविकार म्हणून त्याला जागा मिळाली ती थेट १९८० मध्ये. आपल्या घरांत त्याला अजूनही "मिलिटरीतून आल्यापासून तापट झालाय" एवढंच म्हणतात.

अशा बैठकीनंतर लगेच सामान आवरून निघू नये. निदान अर्धा तास बसावं, बोलणं आजच्या दिवसावर आणावं: शेत, नातवंडं, उद्याचं काम. घरातल्या एखाद्या माणसाला बाजूला घेऊन सांगावं की आज जुन्या गोष्टी वर आल्यात, रात्री झोप उडेल, ओरडून जागे होतील, तर घाबरू नका आणि दारूची बाटली पुढे येऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी फोन करावा, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा. झोप उडालेलीच असेल, चिडचिड वाढत असेल, जगण्यात अर्थ नाही असे शब्द येत असतील तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, दिवसा-रात्री केव्हाही. मात्र घाईने मिळणाऱ्या एका मुलाखतीसाठी माणसाचं मन उकरून जो निघून जातो, त्याने हे काम हाती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बायको समोर असावी की नसावी? माझ्या मते पहिली बैठक एकट्याने, दुसरी दोघांनी. काही गोष्टी तो तिच्यादेखत कधीच बोललेला नसतो. आणि काही गोष्टी फक्त तिलाच ठाऊक असतात: सुट्टी किती दिवसांची, तार कधी आली, धाकट्याचा जन्म झाला तेव्हा हे कुठे होते, महिनोन्महिने पत्र नव्हतं तेव्हा घर कसं चाललं. तिनेही फौजेची नोकरी केलेलीच आहे, गणवेश न घालता. तिची वेगळी मुलाखत घ्यावी, निदान तासभर.

आणि तिच्या नावासाठी डिस्चार्ज बुक पुन्हा उघडावं. सगळ्यात जास्त घरं इथे अडकतात. पुस्तकात तिचं माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं, बँकेत लाडाचं नाव, पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, भलतंच स्पेलिंग. जन्मतारीख तेव्हा अंदाजाने घातलेली. मुलाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या दप्तरातली नोंद, झालेलीच नाही. तो जिवंत असेपर्यंत कोणाचं काही अडत नाही, पेन्शन येत राहते. तो गेला की त्या माऊलीला आपण त्याची बायको आहोत हे कागदावर सिद्ध करत हेलपाटे घालावे लागतात, तेही दुःखाच्या दिवसांत. तो हयात असताना हेच काम त्याच्या स्वतःच्या सहीने होतं: दोघांचं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा आणि ओळखीचा पुरावा, संयुक्त फोटो, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत त्याच्या अभिलेख कार्यालयाकडे अर्ज. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं कार्यालय बेळगावला आहे, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. प्रत्येक रेजिमेंटचं आणि कोअरचं आपापलं असतं, भलतीकडे पाठवलेला अर्ज महिनोन्महिने फिरत राहतो. पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आणि पोस्टाची पावती ट्रंकेतच ठेवावी. घरात कमावू न शकणारं अपंग अपत्य असेल तर त्याची नोंद याच वेळी करून घ्यावी, कारण आईवडिलांच्या पश्चात त्याला कुटुंब निवृत्तीवेतनाचा आधार असतो आणि तो मिळवताना मागची नोंदच उपयोगी पडते. पेन्शन आता "स्पर्श" या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर असेल तर तिथलं नाव, मोबाइल क्रमांक आणि दरवर्षीची हयातीची पडताळणी, हे तिन्ही एकत्र बसून पाहावं. मोबाइल क्रमांक नातवाचा असेल आणि नातू परगावी असेल तर ओटीपी कोण सांगणार, इतकी साधी अडचण असते.

परवानगीचा कागद मुलाखतीच्या शेवटी घ्यावा, आधी नव्हे. काय बोललो हे माहीत झाल्यावरच माणूस खरी परवानगी देऊ शकतो. कोण ऐकू शकेल, नाव द्यायचं की नाही, कोणता भाग किती वर्षं बंद ठेवायचा, आणि उद्या विचार बदलला तर काढून घेता येईल का, हे साध्या मराठीत एका पानावर, मोठ्या अक्षरांत. वाचून दाखवावं. शहीद सोबत्याबद्दल असं काही सांगितलं असेल की जे त्याच्या घरच्यांना कधी कळलेलं नाही, तर तो भाग बंदच ठेवावा, सांगणाऱ्याने "चालेल" म्हटलं तरी.

जपणूक लगेच त्या संध्याकाळी. मूळ फाइलला हात लावायचा नाही, काटछाट करायची ती प्रतीत. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग आडनाव. "आजोबा नवीन फायनल" असल्या नावाने दोन वर्षांनी काही सापडत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत जपणुकीची धरू नये, तिथे फोटो दाबून लहान होतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून. पेन ड्राइव्ह कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिला की कधी उघडत नाही, म्हणून वर्षातून एकदा, ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला म्हणा, सगळं लावून ऐकून पाहावं. तासाभराचं बोलणं शब्दशः लिहायला सरावलेल्यालाही पाच-सहा तास लागतात. तेवढा वेळ नसेल तर दर पाच मिनिटांना एक ओळ एवढी सूची करावी: कोणतं मिनिट, कोणती जागा, कोणती नावं. पुढे कोणीही शोधू शकेल.

आणि पुन्हा जावं. त्यांना त्यांचाच आवाज ऐकवायचा असतो. छोटा स्पीकर, लिहिलेली सूची, पेन्सिल. बहुतेक जण आधी स्वतःचा आवाज ऐकून संकोचतात, मग पुढे झुकून ऐकू लागतात. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला हात वर करून थांबवतात: "ते नायक नव्हे, लान्सनायक होता. आणि तो माझ्या मागे नव्हता. पुढे होता." सूचीत ते तसं दुरुस्त करावं, तारीख घालावी. मग गटफोटोवरचा ट्रेसिंग पेपर उघडून, सतराव्या आकड्यासमोर कोरी ठेवलेली जागा त्यांच्यापुढे सरकवावी.